मधली रेघ

लुसाकात दुपारी दोनला वीज गेली
आणि आमच्या खोलीतला पंखा
उरलासुरला वेग फिरून फिरून खर्चत
थांबला.
लॅपटॉपवर दुसरा पंखा उघडाच होता,
पुढच्या पाच वर्षांचा.
डावीकडे एकच काळी रेघ : झालेली वर्षं.
आजच्या तारखेला ती फुटते,
गडद पट्टी, फिकी पट्टी, त्याहून फिकी,
उजव्या काठाला पोचेतो एवढी रुंद
की तिच्यात भरभराट मावते
आणि दिवाळंही.

आमच्या धंद्यात या आकृतीला पंखाच म्हणतात.
वारा मात्र कुणालाच लागत नाही.

नालिशेबो नवी आहे. बॅटरी अठरा टक्के.
तांब्याचा भाव कितीवर धरू, विचारते.
भाव ठरतो लंडनात,
तांबं निघतं सोल्वेझीत,
आणि मधे मी,
एक चाक मोडलेल्या खुर्चीवर तोल सांभाळत.
गेल्या वर्षीचाच धर, म्हणतो.
पाऊस?
सरासरी.
करिबा धरणाचं पाणी?
तेही सरासरी, त्यावरच तर वीज धरायची आहे.

सरासरी पाऊस मी जन्मात पाहिलेला नाही.
एक तर तो वाट पाहायला लावतो
नाहीतर वाटच घेऊन जातो.
तरी बत्तीस वर्षं तोच लिहीत आलो.

खालच्या खणात माझे जुने अंदाज आहेत.
एका वर्षी साडेचार लिहिलं होतं,
आलं उणे तीन.
वरून टिपण मागवलं : चूक नेमकी कुठे झाली?
मी सहा पानं लिहिली, तक्ते जोडले, सही केली.
खरं उत्तर एका ओळीचं होतं :
त्या वर्षाने आमचा कागद वाचलाच नव्हता.

सोवेटो बाजारात बाना चिलेशे टोमॅटो विकतात.
गेल्या साली विचारलं होतं त्यांनी,
सरकारी ज्योतिषीबुवा, भाव चढेल ना?
सत्तर टक्के शक्यता आहे, मी म्हटलं,
खरं बोलल्याच्या तोऱ्यात.
त्यांनी चाळीस पेट्या भरल्या.
मग उरलेले तीस टक्के आले,
चिसांबाहून, ट्रकमागून ट्रक,
सगळ्यांचेच एकदम.
बाजारभर आठवडाभर आंबूस वास.

यंदा त्यांनी काही विचारलं नाही.
मी दोन ढीग घेतले,
त्यांनी वर एक टोमॅटो टाकला, नेहमीसारखा.
तो मला कापवेना.
फ्रिजवर ठेवला. फ्रिज बंदच होता.

साडेचारला मंत्र्यांच्या कचेरीतून फोन :
पट्ट्याबिट्ट्या नकोत, मधली रेघ तेवढी पाठवा,
भाषणात एकच आकडा बसतो.
बॅटरी सहा टक्के.
नालिशेबो माझ्याकडे बघते. पूस, म्हणतो.
आधी फिकी गेली,
मग तिच्याहून गडद,
मग ती, जिच्यात मला थोडीफार खात्री होती.
पडद्यावर रेघ उरली, एकटी, बारीक,
इतकी ठाम
की जणू तिच्यावरून कुणी चालून आलंय.

या रेघेवरून देश कधी गेलाय का, तिने विचारलं.
गेलाय ना. एकदा.
दोन तिमाह्या.
ती हसली. मीही हसलो, पण मोजून.

पाठवलं. पडदा काळा झाला.

वेळापत्रकात लिहिलंय, वीज सहाला येईल.
ते कोण बनवतो मला माहीत आहे,
पलीकडच्या इमारतीतला सिचोने,
चांगला माणूस, हिशेबाला चोख.
त्याच्याकडेही एक पंखा आहे,
त्यालाही कुणीतरी फोन करून सांगतं
की एकच आकडा दे.

आम्ही खुर्च्या खिडकीशी ओढल्या.
कैरो रोडचे सिग्नल बंद,
चौकात एक पोरगा हातवारे करत गाड्या सोडतोय,
कोणी नेमलेलं नाही त्याला,
आणि गाड्या त्याचं ऐकतायत.
सहाला सात मिनिटं कमी.
अंदाजपंचे.